शंकरपटाची क्लिप संथ केली की चित्र अडखळते : वेग बदलण्याविषयी मदत हवी

पटाचा_नाद
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, चित्रीकरण यंदा गावातल्याच मुलांनी वेगवेगळ्या मोबाइलवर केले असून, त्यातून दहा-बारा मिनिटांचा एक व्हिडिओ तयार करून तो गावाच्या ग्रुपवर आणि यूट्यूबवर टाकायचा विचार आहे. संगणक जुना आहे, रॅम चार जीबी आहे आणि संकलनासाठी शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर घेतले आहे. कापणे, जोडणे आणि नावे टाकणे एवढे जमते. अडचण वेगाची आहे.

जोडी शेवटच्या टप्प्यात येते तो भाग संथ करून दाखवायचा आहे. त्यासाठी क्लिप निवडून प्रॉपर्टीजमध्ये स्पीड १ ऐवजी ०.२५ केला, तर चित्र संथ होण्याऐवजी झटके देत चालते. लोकांचा आरडाओरडा इतका घोगरा होतो की तो माणसांचा आहे हेही कळत नाही. शिवाय पुढे लावलेल्या क्लिपा आणि खालचे संगीत यांचा मेळ बिघडतो. एका मित्राच्या मोबाइलची क्लिप तर मी काहीही न करताच संथ उघडते. यांपैकी काय संगणकाच्या दुबळेपणामुळे होते आणि काय माझ्या पद्धतीमुळे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वणीकर
चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच प्रश्नात आल्या आहेत, त्यामुळे आधी चित्राचे बोलू. आपल्या क्लिपा सेकंदाला किती फ्रेमच्या, म्हणजे किती चित्रांच्या आहेत, ते पाहून सांगा. शॉटकटमध्ये क्लिप निवडल्यावर प्रॉपर्टीजच्या व्हिडिओ भागात फ्रेम रेट दिसतो.

पटाचा_नाद
दोन मोबाइलच्या क्लिपा ३० च्या आसपास दाखवतात. काही ठिकाणी २९.९ आणि काही ठिकाणी ३०.०२ असे विचित्र आकडेही आहेत. तिसऱ्या मोबाइलची, म्हणजे आपोआप संथ उघडणारी क्लिपही ३० च दाखवते.

वणीकर
मग झटक्यांचे कारण उघड आहे. सेकंदाला ३० फ्रेम टिपलेल्या क्लिपचा वेग पाव केला, तर प्रत्येक सेकंदाला फक्त साडेसात नवी चित्रे उरतात आणि उरलेली जागा भरण्यासाठी सॉफ्टवेअर तेच चित्र चार वेळा दाखवते. डोळ्याला सलग हालचाल वाटण्यासाठी साडेसात चित्रे पुरत नाहीत. यात संगणकाचा दोष नाही आणि शॉटकटचाही नाही. महागडे सॉफ्टवेअर घेतले तरी त्याच्या हातात तेवढीच चित्रे असतील.

संथ गती ही प्रत्यक्षात संकलनाच्या वेळी नव्हे, चित्रीकरणाच्या वेळी ठरते, हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही, कारण सॉफ्टवेअरमधले वेगाचे बटण कोणत्याही क्लिपवर चालते आणि आकडा टाकला की काहीतरी होतेच. अंतिम व्हिडिओ ३० फ्रेमचा ठेवायचा असेल, तर ६० फ्रेमवर टिपलेली क्लिप ५० टक्क्यांपर्यंत, १२० फ्रेमवर टिपलेली २५ टक्क्यांपर्यंत आणि २४० वर टिपलेली साडेबारा टक्क्यांपर्यंत एकही चित्र दुबार न वापरता संथ होते. त्याखाली गेलात की दुबार चित्रे सुरू होतात. ३० वर टिपलेल्या क्लिपला संथ होण्यास जवळपास वावच नाही, ०.८ पर्यंत फार तर कोणाच्या लक्षात येणार नाही.

कास्तकार_दारव्हा
म्हणजे एक एकराचे बियाणे चार एकरांत पेरण्यासारखेच झाले. विरळ उगवले तर दोष तिफणीला देता येत नाही.

वणीकर
नेमके तेच, भाऊ.

आता ती आपोआप संथ उघडणारी क्लिप. मोबाइलचा स्लो मोशन हा प्रकार दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही फोन फाइलमध्ये १२० किंवा २४० फ्रेम जशाच्या तशा ठेवतात आणि संथपणा फक्त गॅलरीत दाखवताना आणतात. काही फोन मात्र साठवतानाच ती चित्रे ३० च्या हिशेबाने लांबवून ठेवतात. मित्राची फाइल दुसऱ्या प्रकारची दिसते. तिला पुन्हा ०.२५ लावू नका, कारण ती आधीच चौपट किंवा आठपट लांब झालेली आहे. उलट तिच्यातला जो भाग नेहमीच्या वेगाने दाखवायचा असेल, त्याला स्पीड ४ किंवा ८ द्यावा लागेल. किती, ते ठरवण्यासाठी तीच धाव दुसऱ्या मोबाइलवर किती सेकंदांची आहे ते पाहून भागाकार करा.

आणखी एक गोष्ट. ती फाइल मित्राकडून व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून आली असेल, तर ती दाबून लहान केलेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा सरळ केबल लावून घ्या.

पटाचा_नाद
केबलने घेतो. मात्र एक शंका राहते. मी नेहमीच्या वेगाची क्लिप चालवली तरीही पडद्यावर ती मधूनमधून अडखळतेच. तो दोषही फ्रेमचाच का?

खडूफळा
याचे उत्तर मी देते, कारण जिल्हा परिषद शाळेतल्या अशाच संगणकावर मी विज्ञानाच्या प्रयोगांचे व्हिडिओ करते. संकलन करताना दिसणारे अडखळणे आणि तयार फाइलमधले अडखळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुबळा संगणक पूर्वदृश्य दाखवताना मागे पडतो, पण एक्स्पोर्ट करताना त्याला घाई नसते. तो एकेक फ्रेम सावकाश पूर्ण करतो. त्यामुळे आधी दहा सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करून पाहावा. त्यात झटके नसतील, तर क्लिप निर्दोष आहे असे समजावे. शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये प्रिव्ह्यू स्केलिंग ३६० पी करावे आणि प्रॉक्सी सुरू करावी, म्हणजे काम करताना हलक्या प्रती वापरल्या जातात आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होते. प्रॉक्सी तयार होताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी, हे आपल्याकडे सांगायला नको.

ते २९.९ आणि ३०.०२ असे आकडे मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. मोबाइल प्रकाश कमी-जास्त झाला की फ्रेमचा दर स्वतःच बदलतो, त्यामुळे दोन फ्रेममधले अंतर सारखे राहत नाही. अशा क्लिपचा वेग बदलला की आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकू लागतात. अशी फाइल उघडल्यावर शॉटकट ती संकलनास सोयीच्या स्वरूपात बदलून देण्याविषयी विचारते. तेव्हा होकार द्यावा. फाइलचा आकार बराच वाढेल, पण पुढची डोकेदुखी टळेल. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडूनही हेच काम होते.

वणीकर
मॅडमनी महत्त्वाचे सांगितले. त्याला एक पुस्ती जोडतो. शॉटकटमध्ये व्हिडिओ मोड ऑटोमॅटिक असेल, तर टाइमलाइनवर पहिली जी क्लिप येईल तिच्या फ्रेम रेटवर सगळा प्रकल्प बेततो. पहिलीच क्लिप १२० ची आली, तर प्रकल्पही १२० चा होतो आणि जुना संगणक मान टाकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच १०८० पी आणि ३० फ्रेम असा मोड हाताने निवडून ठेवा.

झाडीबोली
मी देसाईगंज वडसा भागातला. झाडीपट्टीच्या नाटकांचे चित्रीकरण रात्रभर चालते आणि तिथे मला संथ गतीचा निराळाच त्रास होतो. १२० वर टिपलेली नृत्याची क्लिप संथ केली की चित्र लुकलुकते, उजेड सतत कमी-जास्त होत राहतो. दिवसा टिपलेल्या क्लिपांना हे होत नाही. हा दोष सॉफ्टवेअरने निघतो का?

वणीकर
निघतो, पण अर्धामुर्धा आणि चित्राची किंमत मोजून. कारण विजेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण १२० च्या वेगाने टिपणाऱ्या कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम जास्तीत जास्त १/१२० सेकंद उघडी राहते, म्हणजे दिव्याचे एक पूर्ण आवर्तनही तिच्यात मावत नाही. एखादी फ्रेम उजेडाच्या शिखरावर पडते, दुसरी उतारावर. रंगमंचाच्या दिव्यांखाली ६० फ्रेम ठेवा आणि प्रो मोडमध्ये शटर १/१०० करा. त्यात प्रत्येक फ्रेमला बरोबर एक आवर्तन मिळते आणि लुकलुक जाते. मग ५० टक्क्यांपेक्षा संथ करण्याचा मोह आवरावा लागेल. पटाला ही अडचण नाही, तिथे ऊनच ऊन असते, आणि संथ चित्रणाला भरपूर उजेड लागतोच.

पटाचा_नाद
आता यंदाच्या ३० च्या क्लिपांचे काय करावे? पुढच्या पटाला १२० वर टिपू, पण जे झाले ते पुन्हा धावणार नाही. संगणकाकडून मधली चित्रे तयार करून घेता येतात असे ऐकले आहे.

वणीकर
येतात. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळून मधली फ्रेम केली जाते. शॉटकटच्या टाइम रीमॅप या फिल्टरमध्ये इमेज मोड ब्लेंड केला की हे होते. झटके थोडे मऊ होतात, पण बैलांच्या पायांच्या मागे पुसट सावल्या दिसतात. दुसऱ्या प्रकाराला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. त्यात कोणता ठिपका कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधून नवीन चित्र तयार केले जाते. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ही सोय आहे, पण आपल्या चार जीबी रॅमवर ते सॉफ्टवेअर चालवण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि माझे मत विचाराल तर पटाच्या क्लिपवर ते चालले तरी शोभणार नाही. हा अंदाज एकटा माणूस संथपणे मान वळवतो अशा चित्रावर चांगला बसतो. इथे आठ पाय एकमेकांवरून जातात, धुळीचा लोट उठतो आणि मागे गर्दी हलते. त्यात एका बैलाचा पाय दुसऱ्याच्या पायात विरघळल्यासारखा दिसतो. चाकाचे आरेही फसवतात. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात चाक किती फिरले यावर ते पुढे फिरते आहे की मागे हे डोळा ठरवतो, आणि टिपतानाच ते उलटे फिरताना दिसले असेल, तर संथ केल्यावर उलटेच फिरेल.

३० च्या क्लिपला ०.७ ते ०.८ एवढाच वेग द्या. अंतिम रेषेचा क्षण ठसवायचा असेल, तर संथ करण्याऐवजी तिथे चित्र स्थिर करा आणि दोन सेकंदांनी पुढे चालू करा. मित्राच्या खऱ्या संथ क्लिपा दोन-तीन मोक्याच्या ठिकाणी वापरा. त्याहून जास्त वेळा संथ गती आली की पाहणारा बोटाने पुढे सरकवतो.

कास्तकार_दारव्हा
तंत्र बाजूला ठेवून एक गोष्ट बोलतो. पट हा सेकंदाच्या अंशावर निकाल लागणारा खेळ आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, त्यामुळे आज पटाच्या प्रत्येक व्हिडिओकडे दोन्ही बाजूंचे लोक बारकाईने पाहतात. अशा वेळी एका जोडीची क्लिप १.२ च्या वेगाने आणि दुसरीची मूळ वेगाने दाखवली, तर गावात भांडण लागायला वेळ लागणार नाही. व्हिडिओ रंगतदार व्हावा म्हणून धाव थोडी वेगवान करणारे मी पाहिले आहेत आणि ते मला अजिबात पटत नाही. जिथे वेग बदलला आहे तिथे कोपऱ्यात 'संथ गती' असे लिहावे, आणि संपूर्ण धाव एकदा तरी मूळ वेगाने, न कापता दाखवावी.

पटाचा_नाद
भाऊ, हे मनापासून मान्य आहे. उलट दोन जोड्यांच्या वेळेबद्दल आमच्याकडे आधीच वाद आहे आणि काही जण मला व्हिडिओवरून फ्रेम मोजून निकाल सांगायला सांगत आहेत.

खडूफळा
त्यात पडू नये, असे मी सुचवीन. ३० फ्रेमच्या क्लिपमध्ये दोन चित्रांतले अंतर ०.०३३ सेकंद असते, त्यामुळे त्याहून लहान फरक त्यात दिसूच शकत नाही. तुमच्या क्लिपांचा फ्रेम दरही स्थिर नाही, म्हणजे मोजणीचा पायाच हलता आहे. शिवाय मोबाइल अंतिम रेषेला काटकोनात धरलेला नसेल, तर एखादी जोडी असते त्याहून पुढे किंवा मागे असल्याचा भास होतो. वेग बदललेल्या क्लिपवर घड्याळाचे आकडे चढवणे तर टाळावेच, कारण संथ भागात ते आकडे खऱ्या वेळेशी जुळत नाहीत. पंचांच्या घड्याळाने दिलेली वेळ लिहावी आणि थांबावे.

पटाचा_नाद
मोजणीचा विषय सोडून देतो. आवाजाचे मात्र राहिले.

वणीकर
आवाजाचा नियम सोपा आहे. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली जातो, पाव केला की दोन सप्तके. म्हणून जल्लोष घोगरा झाला. वेग दुप्पट केला की उलट एक सप्तक वर जातो आणि माणसे चिरक्या आवाजात बोलू लागतात. जुने चित्रपट २४ फ्रेमचे आणि आपले दूरदर्शन २५ चे, त्यामुळे ते चित्रपट टीव्हीवर चार टक्के वेगाने चालवले जात तेव्हाही स्वर चढत असे. पण तो फरक अर्ध्या स्वराहून थोडा कमी, त्यामुळे जाणकार कान सोडले तर कोणाला कळत नसे.

शॉटकटमध्ये स्पीडच्या जवळच पिच कॉम्पेन्सेशन अशी चौकट आहे, केडेनलाइव्ह या दुसऱ्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येही तशीच सोय आहे. त्या चौकटीत टिक केली की स्वर मूळ जागी राहतो आणि फक्त लांबी बदलते. ०.८ पासून १.२५ पर्यंत ती छान चालते. ०.२५ वर मात्र तिचा उपयोग नाही, कारण आवाज चौपट ताणला की टाळी, डफाचा ठोका, धुरकऱ्याची (जोडी हाकणाऱ्याची) हाक यांच्या कडा पसरतात आणि सगळे पाण्याखालून आल्यासारखे लागते.

म्हणून संथ तुकड्याचा मूळ आवाज काढूनच टाकावा. वेग बदलण्यापूर्वी क्लिपवर उजवे क्लिक करून डिटॅच ऑडिओ करा, म्हणजे आवाज वेगळ्या ट्रॅकवर येतो आणि तो मूळ वेगातच राहतो. चित्र तीन सेकंदांचे बारा सेकंद झाले, तर खाली नऊ सेकंदांची पोकळी राहील. तिथे त्याच मैदानातला गर्दीचा सलग आवाज टाका आणि दोन्ही टोकांना हळूहळू कमी-जास्त करा. पाहणाऱ्याला जोड कळत नाही. पट सुरू होण्यापूर्वी मोबाइल खिशात न घालता दोन-तीन मिनिटे नुसता गर्दीचा आवाज टिपून ठेवण्याची सवय लावली, तर ही पोकळी कधीच अडवत नाही.

भजनाची किंवा गाण्याची क्लिप असेल, तर चित्राचा वेग बदलायचाच नाही. लय थोडी बदलायची असेल, तर ऑडेसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधील चेंज टेम्पो वापरावा, त्यात स्वर हलत नाही.

संत्राबाग
धाग्याचा विषय संथ गतीचा आहे, पण माझा प्रश्न उलट आहे. वरूडकडे आमच्या मंडीत ट्रक भरला जातो ते दोन तासांचे काम वीस सेकंदांत दाखवायचे आहे. क्लिपचॅम्प या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग १६ पटींच्या पुढे जात नाही.

वणीकर
आपल्याला ३६० पट हवे आहे. १६ पटींवर एक्स्पोर्ट करून तीच फाइल पुन्हा आत घेऊन वाढवता येईल, पण दोन तासांचा व्हिडिओ टिपून त्यातल्या बहुतांश फ्रेम फेकून देण्यात अर्थ नाही. मोबाइलचा टाइम लॅप्स प्रकार वापरा. हिशेब असा : वीस सेकंदांच्या २५ फ्रेमच्या व्हिडिओला ५०० चित्रे लागतात आणि दोन तासांचे ७,२०० सेकंद होतात, म्हणजे सुमारे १४ सेकंदांना एक चित्र पुरते. मोबाइल घट्ट बांधा, कारण वेगवान चित्रात हाताचा बारीक कंपही भूकंप होतो. दादासाहेब फाळके यांनी पहिल्या कथाचित्रपटाच्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज एक फ्रेम घेऊन टिपली होती आणि ती दाखवून भांडवल देणाऱ्याचे मन वळवले होते. रीत तीच आहे.

पटाचा_नाद
सगळ्यांचे आभार. शेवटची अडचण क्लिपा सरकण्याची आणि चित्र स्थिर करण्याची. ती सांगितली की आज रात्रीच काम उरकतो.

वणीकर
वेग बदलला की क्लिपची लांबी बदलते, त्यामुळे पुढच्याला जागा तरी द्यावी लागते नाहीतर मोकळी जागा तरी उरते. रिपल चालू असेल, तर पुढच्या क्लिपा आपोआप सरकतात. बंद असेल, तर सरकत नाहीत आणि काही सॉफ्टवेअरमध्ये लांबलेल्या क्लिपचे टोकच कापले जाते. त्यासाठी कामाचा क्रम बदला. आधी सगळ्या धावा मूळ वेगात क्रमाने लावा, मग जो भाग संथ करायचा त्याच्या दोन्ही बाजूंना कापून फक्त मधल्या तुकड्याचा वेग बदला, आणि संगीत व नावे सर्वांत शेवटी टाका. वेग हळूहळू उतरवणारा टाइम रीमॅप फिल्टर देखणा आहे, पण आपल्या संगणकावर तीन तुकड्यांची रीत हलकी पडेल.

चित्र स्थिर करण्यासाठी प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची उभी रेघ, बैलांची नाके रेषेवर येतात त्या फ्रेमवर आणा, बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे-मागे करून नेमकी जागा पकडा आणि फाइल मेनूतून एक्स्पोर्ट फ्रेम करा. ते चित्र पीएनजी म्हणून साठवा, त्याच जागी क्लिप कापा आणि मध्ये ते दोन सेकंदांसाठी बसवा. हे करताना प्रिव्ह्यू स्केलिंग तात्पुरते बंद ठेवा आणि चित्र पूर्ण आकाराचे आले आहे ना, हे बसवण्यापूर्वी एकदा उघडून पाहा.